दिवा लावायला हात उठत नाही, तर नका लावू

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मग थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवून दिला. मिस्टर जाऊन आठ महिने झाले, वय ४२, सकाळी पोराला शाळेत सोडून आले आणि अकराच्या आत सगळं संपलं. तेव्हापासून देवघरात दिवा लावायला हात उठत नाही, लावला तर संताप होतो, नाही लावला तर अपराध्यासारखं वाटतं, सासूबाई म्हणतात तिन्हीसांजेला घरात अंधार नको, पाहुणे म्हणतात देवाची इच्छा, आणि कुणी गुरुजींनी २१ हजारांची शांत सांगितलीये. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की दुःखात देवाचा आधार मिळतो म्हणतात तो मिळतो तरी कसा, आणि माझा हा राग बघून देव पोरांवर तर काही आणणार नाही ना.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण मला वाटतं तीच भीती तुम्हाला रात्री झोपू देत नसेल. नाही आणणार. तुकोबांची जिजाई आठवा. घरात दाणा नाही, नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर नाम घेत बसलेला, ही भर उन्हात भाकरी घेऊन चढायची आणि चढता चढता त्या काळ्या विठोबाच्या नावाने बोटं मोडायची. एक दिवस पायात काटा मोडला, चालवेना, तर तो काटा काढायला कोण आलं? तोच, ज्याला ती शिव्या घालत होती. आता ही कथा आहे, इतिहास म्हणून मी सांगत नाही, पण आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात ती जपली. आणि बघा, दिवसभर नाम घेणाऱ्या तुकोबांच्या पायातला काटा देवाने काढला असं कुणी सांगत नाही, शिव्या देणारीच्या पायातला काढला असं सांगतात. जनाबाईंचं तर काय बोलायचं, त्या अंगणात उभं राहून विठ्ठलाला 'अरे विठ्या' म्हणून सुरुवात करतात आणि पुढे त्याचं मढं काढतात, त्याच्या बायकोला रंडकी करतात, आणि शेवटी सही पण ठोकतात, 'उभी राहूनि आंगणीं, शिव्या देत दासी जनी'. हा अभंग कुणी गाथेतनं काढून टाकला नाही. आम्ही तो टाळमृदंगावर म्हणतो. तुमचा राग याच्यापेक्षा मोठा असेल असं मला वाटत नाही, आणि असला तरी त्याला सवय आहे.

मी कोण ते सांगतो, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. माळ घरातलीच, वडिलांनी घातलेली. गेली २८ वर्षं दशक्रियेची प्रवचनं करतोय. आमच्याकडे दहाव्याला घाटावर प्रवचन असतंच असतं, सकाळी आठच्या सुमाराला, एकीकडे पिंडाची तयारी चाललेली, दुसरीकडे पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं (मयताचं नाव चुकीचं घेणारे पण पाहिलेत), पुढच्या ओळीत नुकतीच डोकी केलेली पोरं, मागे बायका पदर तोंडावर घेऊन. पाऊण तास बोलायचं आणि मग सगळ्यांनी मिळून कावळा शिवायची वाट बघायची. हजाराच्या वर झाली असतील अशी प्रवचनं. समोर बसलेला माणूस वेदान्त ऐकायला आलेला नसतो हो, तो मोडून बसलेला असतो, त्याला काय टोचतं आणि कुठल्या शब्दाला त्याची मान जराशी वर होते हे त्याच्या तोंडाकडे बघूनच शिकावं लागतं. मी ते फार उशिरा शिकलो.

२००९ साली माझा थोरला गेला. पावसाळा, मोटरसायकल, १९ वर्षांचा. त्याच्या दहाव्याला प्रवचनाला माझेच एक मित्र होते, चांगला माणूस, आणि ते बोलून गेले की चांगली माणसं देवाला लवकर आवडतात. मला वाटलं उठावं आणि माईक हिसकावून घ्यावा. मला पण आवडत होता की तो! आणि तेवढ्यात दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि घामच फुटला, हेच वाक्य मी त्याच घाटावर, त्याच माईकवर, निदान शंभर वेळा बोललोय, कुणाकुणाच्या आईसमोर, आणि बोलून घरी येऊन जेवलोय. पुढे पाच महिने मी टाळ हातात घेतला नाही, एकादशी सोडली, हरिपाठ सोडला. लोक म्हणाले महाराजांची निष्ठा ढळली. म्हणू दिलं.

परत आलो ते एका अभंगामुळे, आणि गंमत अशी की तो पोरवयापासून पाठ होता, फक्त ऐकला नव्हता कधी. 'याति शूद्र वैश्य केला वेवसाव', तुकोबांचा स्वतःविषयीचा अभंग. संतांनी विचारलं म्हणून सांगतो, एरवी बोलू नये, असं म्हणून त्यांनी स्वतःची सगळी हकिकत दिलीये. १६३० ते ३२ चा तो दुष्काळ, दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. तुकोबा तेव्हा विशी-बाविशीतले, दुकानदारी आणि महाजनकीचं खातंपितं घर, आईवडील आधीच गेलेले, थोरला भाऊ सावजी बायको वारल्यावर घर सोडून तीर्थाला निघून गेलेला. आणि या दुष्काळात पहिली बायको गेली. कशी, तर 'स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली'. एवढंच. दुकानदाराच्या घरातली बाई भुकेने मेली. पुढच्याच ओळीत ते म्हणतात की लाज वाटते, या दुःखाने त्रासलो. देवाची इच्छा होती, तिचं प्रारब्ध होतं, असलं काही नाही तिथे.

आता कुणी जाणकार म्हणेल की महाराज, 'बाईल मेली मुक्त जाली, देवें माया सोडविली' हे पण तुकोबांचंच आहे. आहे ना, आणि लोक तेच पुढे करतात, बघा त्यांनी कसं दुःख गिळलं म्हणून. पण त्या अभंगात बायको गेली बरं झालं, पोर गेलं बरं झालं, असं ओळीमागून ओळ येतं, आणि बरं झालं बरं झालं असं सारखं म्हणणारा माणूस आतून काय असतो ते मी घाटावर पाहिलंय. आणि काही असलं तरी तुकोबांनी ते स्वतःच्या दुःखाला म्हटलंय, शेजारणीच्या दारात जाऊन तिला ऐकवलेलं नाही. फरक आहे तो इथे आहे. प्रारब्ध, ईश्वरेच्छा हे शब्द माणसाने स्वतःपुरते वापरावेत, तेही जमलं तर. दुसऱ्याच्या मयताला जाताना खिशात घेऊन जाऊ नयेत. तुमच्या पाहुण्यांना हे सांगायची गरज नाही, त्यांना दुसरं काही बोलता येत नाही म्हणून ते बोलतात, एका कानाने ऐका आणि चहा द्या. त्या 'याति शूद्र' अभंगातच पुढे आहे, 'सत्यअसत्यासी मन केलें ग्वाही, मानियेलें नाहीं बहुमता'. बहुमत मानायची सक्ती दुःखात तरी नाही.

मग तुकोबांनी केलं काय? इथून पुढचं जरा निवांत वाचा, कारण तुम्ही 'कसा' विचारलंय आणि त्या अभंगात अगदी कसं कसं ते क्रमाने आहे. देवाचं देऊळ होतं ते मोडकळीला आलेलं, ते नीट करावंसं वाटलं. म्हणजे पहिलं काम हाताचं, माती-दगडाचं. ज्याचं घर कोसळलं तो भिंत बांधायला बसला. ध्यानबिन नाही, ग्रंथ नाही. मग म्हणतात एकादशीला कीर्तन करायला लागलो, पण 'नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं', मन काही त्यात नव्हतं. हे एवढ्या मोठ्या माणसाने सांगून ठेवलंय याचे माझ्यावर फार उपकार आहेत. मन लागत नाही म्हणून आपण देवासमोर बसत नाही आणि मन लागत नाही म्हणून स्वतःला पापी समजतो, आणि हे म्हणतात मन नव्हतं, तरी उभा राहिलो. मग संतांची थोडी वचनं पाठ केली. आणि मग ती ओळ, 'गाती पुढें त्यांचें धरावें धृपद'.

धृपद म्हणजे काय ते भजनात न बसलेल्यांसाठी सांगतो. पुढे एक जण चाल लावून चरण म्हणतो, आणि मागे उभे असलेले सगळे टाळकरी तेच एक पालुपद परत परत घेतात. मागच्याला सगळा अभंग यायची गरज नाही, गळा चांगला असायची गरज नाही, श्रद्धा किती हे कुणी मोजत नाही. पुढचा म्हणतो, तुम्ही धरायचं. सुटलं तर शेजारच्याचा आवाज असतो, पुढच्या फेरीला परत धरायचं. तुकोबा, ज्यांच्या अभंगांवर आज आम्ही पोटं भरतो, ते त्यांच्या सगळ्यात वाईट काळात दुसऱ्याच्या मागे उभे राहून धृपद धरत होते. मला देवाचा आधार म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो. आपली श्रद्धा संपली असेल त्या दिवसांत दुसऱ्याच्या श्रद्धेच्या मागे उभं राहता येतं. तेवढ्यासाठी तर संप्रदाय असतो, नाहीतर घरी बसून पोथी वाचता येतेच की.

माझं असंच झालं. पाच महिन्यांनी एका एकादशीला गावातल्याच देवळात गेलो, मागे खांबाजवळ उभा राहिलो. आवाज फुटेना. शेजारी एक म्हातारा होता, मेंढरं राखणारा, त्याने माझ्याकडे न बघता स्वतःचे टाळ माझ्या हातात दिले आणि हा नुसत्या टाळ्या वाजवायला लागला. टाळ हातात आले की हात आपोआप चालतात, ती काय भक्ती नसते, सवय असते. पण अर्ध्या तासाने मी रडत होतो, सगळ्यांच्या देखत, आणि कुणी थांबलं नाही, कुणी पाणी आणायला पळालं नाही, कुणी पाठीवर हात ठेवून धीर धरा म्हणालं नाही, भजन चालू राहिलं. ते न थांबलेलं भजन मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त उपयोगी पडलं, माझ्या स्वतःच्या प्रवचनांसकट.

रडण्यावरून आठवलं. तुम्ही लिहिलंय की मुलांसमोर रडत नाही. ज्ञानोबांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली त्याचं वर्णन नामदेवांच्या अभंगांत आहे, समाधीचे अभंग म्हणतात त्यांना. त्यात निवृत्तीनाथ बघा. ते मोठा भाऊ, ते गुरू, सगळं ज्ञान त्यांनीच दिलेलं, मृत्यू म्हणजे काय हे ज्याने शिकवलं तोच माणूस. आणि तेच निवृत्तीनाथ तिथे म्हणतात की बांधलेल्या पेंढीचा आळा सुटला आणि गवत रानोमाळ पांगलं. शेतकऱ्याच्या घरात पेंढी म्हणजे काय ते सांगायला नको, एका आळ्याने सगळं धरलेलं असतं. वर्ष-दीड वर्षाच्या आत सासवडला सोपान, तापीकाठी मुक्ताई आणि त्र्यंबकेश्वरला स्वतः निवृत्ती, सगळेच गेले, खरंच पांगली ती पेंढी. आणि नामदेव शेवटी देवाला विनवतात, निवृत्तीचं समाधान करा म्हणून. ज्ञान्यांच्या गुरूला रडायची परवानगी आहे आणि त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी देवाला सांगावं लागतं, मग तुम्ही मुलांसमोर रडलात तर काय बिघडलं? उलट त्यांना कळेल की बाबांची आठवण काढायला घरात बंदी नाहीये.

हा समाधान शब्द तुकोबांच्या त्या अभंगात पण शेवटी शेवटी येतो. 'बुडविल्या वह्या बैसलों धरणें, केलें नारायणें समाधान'. हे बायको गेल्याचं नाही, पुढे वह्या बुडवायला लागल्या तेव्हाचं. पण क्रम बघा. आधी धरणं, मग समाधान. इंद्रायणीच्या काठी अन्नपाणी सोडून १३ दिवस बसले असं परंपरा सांगते. आपल्याकडे सगळे उलटं सांगतात, आधी समाधान मानून घ्या, तक्रार करू नका. धरणं म्हणजे तक्रारच की, आणि तक्रार माणूस कुणाकडे करतो, जिथे ऐकणारं कुणी आहे असं त्याला कुठेतरी वाटतं तिथेच. तुमचा संताप देवघरासमोर गेल्यावर होतो, फ्रिजसमोर होत नाही, हे तुम्ही बघितलंत का? म्हणजे नातं तुटलेलं नाही, भांडण चालू आहे. तर भांडा. घरात कुणी नसताना दार लावून मोठ्याने बोला, काय म्हणायचंय ते, अगदी अरेतुरे करून. मला विचाराल तर हीच तुमची सध्याची पूजा.

समाधान म्हणजे उत्तर मिळतं असं मात्र समजू नका, माझा पोरगा का गेला याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही आणि आता मी विचारायचं पण सोडलंय. दुःख जात नाही. माझ्या बाबतीत झालं ते एवढंच की ते माझ्या एकट्याचं राहिलं नाही. २०२० आणि २१ मध्ये हे फार जाणवलं, त्या दोन वर्षांत पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या (कंडक्टरला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू, पण डोळ्यात पाणी पण आलं), घाटावर चार माणसं, मी फोनवर प्रवचनं केली. तेव्हा ज्यांच्या घरात कुणी गेलं त्यातली काही माणसं अजून माझ्याकडे येतात, नीट दहावा नाही झाला म्हणतात. विधी राहिला याचं त्यांना एवढं नसतं, माणसांत बसून रडायचं राहून गेलं त्याचं असतं.

आता पटापट बाकीचं. ती २१ हजारांची शांत करू नका. घरातला कमावता माणूस गेलेला असताना भीती घालून पैसे मागणारा जो कुणी असेल त्याला दारातून नमस्कार. 'नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पति' असं रोकठोक विचारणारे आमचे तुकोबा, त्यांना या पॅकेजबद्दल काय वाटलं असतं ते तुम्हीच ताडा. ते पैसे पोरांच्या फीला ठेवा.

हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, कपाळावरून बायका बघतात, असं लिहिलंय. याचं मला फार वाईट वाटतं आणि यात देवाचा काही संबंध नाही, हे माणसांनी केलेलं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, त्यानंतर सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं, तेव्हा टिकली लावायची असेल तर खुशाल लावा. वारीत डोक्यावर तुळस घेतलेली बाई चालत असते तिला नवरा आहे का नाही कुणी विचारत नाही, सगळे तिला माउलीच म्हणतात. जमलं तर एखादं वर्ष दोन मुक्काम तरी चाला.

हरिपाठाचं म्हणाल तर २७ अभंग आहेत, सगळे म्हणायला जाऊ नका, पहिला एकच, 'देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी'. त्यात क्षणभर म्हटलंय, आणि द्वारी म्हटलंय. आत जायची सुद्धा सक्ती नाही. मोबाईलवर लावून ठेवला तरी चालेल, भांडी घासताना.

आणि एक, हे मी घाटावर पण सांगतो आणि काही मंडळींना आवडत नाही. आठ महिने झोप नाही, जेवण जात नाही, आणि 'त्यांच्या मागे जावंसं वाटतं' असं जे एक वाक्य तुम्ही मध्येच लिहून पुढे गेलात, ते मी वाचलंय. त्यासाठी डॉक्टरकडे जा, या आठवड्यात. सरकारचा टेलिमानस म्हणून नंबर आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आज रात्री जड गेलं तर आजच लावा. शुगरची गोळी घेताना आपण श्रद्धा कमी पडली म्हणत नाही. मी स्वतः त्या वर्षी सहा महिने झोपेची आणि डिप्रेशनची गोळी घेतली आणि एकीकडे धृपद पण धरलं, कशाने किती फरक पडला याचा हिशोब मांडला नाही.

राहिल्या सासूबाई. ताई, त्या दिव्यासाठी मागे लागतात याचा तुम्हाला त्रास होतो, पण तुमच्या एवढ्या मोठ्या लिहिण्यात एक गोष्ट कुठेच आली नाही, त्यांचा मुलगा गेलाय. मी बाप म्हणून सांगतो. त्यांना दुसरं काही सुचत नसणार, संध्याकाळ झाली की हात रिकामे राहतात आणि त्या वेळेला काहीतरी नेमाचं धरून ठेवावं लागतं, नाहीतर माणूस दाराकडे बघत बसतो. तेव्हा दिवा त्यांनाच लावू दे, तुम्ही नका लावू. आज संध्याकाळी फक्त त्यांच्या शेजारी बसून वात वळून द्या. हात जोडले नाहीत तरी चालेल.